गाडीत गाड्या

२०१९ च्या जुलैमधल्या एका संध्याकाळी मी दौंडच्या फलाटावर बारामतीच्या पॅसेंजरची वाट पाहत बसलो होतो. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि छपराच्या कडेवरून पागोळ्या अजून गळत होत्या. तेवढ्यात फलाटाला लागून एक लांबलचक गाडी संथपणे आली आणि थांबली. मालगाडी म्हणावी तर तिला वाघिणी नव्हत्या आणि प्रवासी गाडी म्हणावी तर तिला खिडक्या नव्हत्या. होते ते जुन्या एक्सप्रेसचे डबे. पण प्रत्येक खिडकीच्या जागी पत्र्याचा चौकोन बसवलेला आणि दारेही वेल्डिंग करून कायमची बंद केलेली. माझ्या शेजारची एक म्हातारी लगबगीने उठली, गाठोडे काखेत मारून डब्यापाशी गेली आणि दाराखालच्या लोखंडी पायरीवर तिने एक पाय ठेवलासुद्धा. तिचा उजवा हात वर गेला आणि जिथे धरायचा दांडा असायला हवा होता तिथे नुसत्या पत्र्यावरून चाचपडत राहिला. मी धावत गेलो. “आजी, ही मालगाडी आहे. यात माणसं बसत नाहीत.” तिने पाय मागे घेतला, डब्याकडे नीट पाहिले आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, “डबा तर आपलाच हाय की.” मी सांगितले की डबा आपलाच होता, पण आता त्यातून नव्या कोऱ्या मोटारी नेतात. “म्हंजी गाडीत गाड्या?” असे म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली, आणि मग हसणे थांबवून तिने विचारले, “आन् मान्सं?”

मला उत्तर सुचले नाही. गाडी सुटून गेली तरी त्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

रेल्वेच्या बोलीत या डब्यांना ‘एनएमजी’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या प्रवासी डब्याचे ठरलेले आयुष्य पंचवीस वर्षांचे. ते सरत आले की चांगल्या हाडापेराचे डबे निवडून त्यांतली बाके, पंखे, संडास सारे काढून टाकतात, खिडक्या बुजवतात आणि दोन्ही टोकांच्या भिंती कापून तिथे रुंद दारे बसवतात. मग शेवटच्या डब्यातून आत शिरलेली मोटार साऱ्या डब्यांमधून चालत पहिल्या डब्यापर्यंत जाऊ शकते. हे सगळे मला ठाऊक होते. मोटारींच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला या गाड्या काही नव्या नाहीत, आणि माझी स्वतःची पहिली मोटार अशाच एखाद्या डब्यातून प्रवास करून आली असणे अगदी शक्य आहे. मात्र त्या डब्यांना पायऱ्या अजून आहेत हे मी कधी पाहिलेच नव्हते. बाकी सारे कापणाऱ्याने त्या तेवढ्या का ठेवल्या असतील? बहुधा त्या कुणाच्या वाटेत येत नव्हत्या म्हणून, एवढेच.

दौंड हे माझे आजोळ नव्हे, पण आजोळासारखेच. धाकटा मामा तिथे रेल्वेत फिटर होता आणि उन्हाळ्याची सुट्टी आम्ही त्याच्या क्वार्टरमध्ये काढत असू. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना त्या काळी दौंडला तोंड फिरवावे लागे. इंजिन सुटायचे, बाजूच्या रुळावरून धापा टाकत दुसऱ्या टोकाला जायचे आणि पुन्हा जोडले जायचे. पुण्यापासून इंजिनाकडे असलेला डबा तिथून पुढे शेपटाचा व्हायचा. नवा प्रवासी हमखास घाबरून विचारायचा की गाडी परत पुण्याला निघाली की काय. या खेळात जो वेळ जायचा तोच मामाच्या कामाचा वेळ. लांब दांड्याचा हातोडा घेऊन तो आणि त्याचा जोडीदार गाडीच्या दोन्ही अंगांनी निघत आणि प्रत्येक चाकावर एक टोला देत. धड चाक घंटेसारखे वाजून लांबपर्यंत घुमते, तडा गेलेले चाक ‘थड्’ म्हणते, असे तो सांगे. मी त्याच्या मागून चालत कान देऊन ऐकायचो आणि मला सगळी चाके सारखीच वाजताना ऐकू यायची. त्यानंतर तो अ‍ॅक्सलबॉक्सजवळ, म्हणजे चाकांच्या आसाच्या टोकावरच्या पेटीजवळ, हाताची मागची बाजू न्यायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. तळहात का नाही, असे मी विचारले तेव्हा त्याने आपला तळहात माझ्या गालाला लावला. तो इतका राठ होता की त्याला ऊन-गार काही कळत असेल असे वाटलेच नाही.

डब्यांचे वय ओळखायला त्याने मला फार नंतर शिकवले, मी कॉलेजात असताना. डब्यावरच्या पाच आकड्यांपैकी पहिले दोन म्हणजे बांधणीचे साल आणि उरलेले तीन म्हणजे जात. दोनशे एक ते चारशेच्या आतला आकडा असला की तो स्लीपर. तेव्हा ९१२३७ असा नंबर दिसला की हा १९९१ मध्ये जन्मलेला शयनयान. एवढी साधी गोष्ट आयुष्यभर डोळ्यांसमोर होती आणि मी ती कधी वाचली नव्हती. त्या दिवसापासून गाडीकडे बघण्याची माझी तऱ्हाच बदलली. तोवर मला वाटायचे की एक्सप्रेस म्हणजे एक वस्तू, तिचे एक नाव आणि एक वय. प्रत्यक्षात चौदा वर्षांचा डबा तीन वर्षांच्या डब्याला खेटून आणि तो बावीस वर्षांच्या डब्याला, असे एकत्र कुटुंबच धावत असायचे. म्हाताऱ्या डब्यात बसलो आहोत हे नंबर न वाचताही पुढे पुढे मला कळू लागले. दोन डब्यांमधल्या पुलाच्या पोलादी पाट्या एकमेकींवर घासून कण्हायच्या, खिडकीचे शटर सोडले की मधेच तिरके होऊन अडायचे आणि संडासाच्या दाराची कडी आपली जागा सोडून बोटभर खाली उतरलेली असायची.

आवाजाइतकाच उजेडाने डबा ओळखू येई. त्या जुन्या डब्यांखाली पट्ट्यावर फिरणारे जनित्र असे आणि तो पट्टा चाकांच्या आसावर चढवलेला असे, म्हणजे डबा आपली वीज आपण चालून कमवायचा. गाडी सिग्नलला तासभर अडकली की बॅटरी बसत जायची, दिवे पिवळे व्हायचे आणि पंखे इतके मंद व्हायचे की पाती मोजता यावीत. मग गाडी हलली तरी एखादा पंखा उठायचाच नाही. वरच्या बर्थवरचा कुणी जाळीतून पेन किंवा कंगवा घालून त्याला ढोसायचा आणि पंखा झोपमोड झालेल्या माणसासारखा कुरकुरत फिरू लागायचा. आपण त्याला हसायचो. मामा हसत नसे. त्याच्या लेखी तो सैल पडलेला पट्टा असे आणि सैल पट्टा म्हणजे कुणीतरी यार्डात वाकायचा कंटाळा केला होता.

दर दीड वर्षाने डबा पीओएचला, म्हणजे कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला जायचा. कुठल्या कारखान्यातून कधी बाहेर पडला आणि परत कधी जायचे हे त्याच्या टोकाच्या भिंतीवर रंगाने लिहिलेले असे. मामाला ते वाचायची इतकी सवय की लग्नाच्या मांडवात नवरदेवाकडे बघूनही तो “रिटर्न डेट कधीची?” असे पुटपुटायचा. कारखान्यात डबा उचलून बाजूला ठेवत आणि खालच्या बोगी, म्हणजे चाकांचे गाडे, काढून घेत. जाताना त्याच बोगी परत मिळतील याची खात्री नसे. चाके तासून तासून लहान होत. नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे, ते ८२५ च्या घरात आले की भंगारात. खालचा पत्रा सडायचा तो संडासाच्या आणि दाराच्या आसपास, कारण पाणी मुरायचे तिथेच. तेवढा भाग कापून नवा जोडायचा. रंग तर विचारूच नका. आमच्या लहानपणचे डबे विटकरी. नव्वदीच्या दशकात हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक सर्वत्र येत गेले तसतसे ते निळे होत गेले, आणि २०१८ नंतर त्यातले काही पुन्हा फिकट बदामी नि तपकिरी झाले. दौंडच्या त्या एनएमजीवर दाराच्या चौकटीपाशी रंगाचा एक टवका उडाला होता आणि आत निळा, निळ्याच्या आत विटकरी असे थर दिसत होते. आईने शिवलेली एक गोधडी आमच्या घरी आहे. तिच्या उसवलेल्या कोपऱ्यातून असेच आजीचे लुगडे डोकावते. तीच गोधडी आहे का, असे कुणी विचारत नाही.

इंजिनांचे प्रेम मला जरा उशिरा लागले, कारण लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. दौंडच्या यार्डात डब्ल्यूडीएम-२ उभी असायची. अमेरिकन अल्को कंपनीच्या घराण्यातली, १९६० च्या दशकापासून वाराणसीच्या कारखान्यात बनत आलेली, २६०० अश्वशक्तीची. ती कधी बंद करत नसत. रात्रभर ती आपल्या जागी मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या संथ चालीने गदगदत राही आणि क्वार्टरच्या मांडणीवरची स्टीलची भांडी त्या तालावर किणकिणत राहत. पहिल्या रात्री झोप लागत नसे आणि पुण्याला परतल्यावरच्या पहिल्या रात्रीही लागत नसे. गाडी ओढायला लागली की धुराड्यातून काळा लोट सुटायचा; इंधन आधी पोचायचे आणि हवा रेटणारा टर्बो मागून जागा व्हायचा म्हणून तो धूर, हे कारण कळल्यावर मला ते इंजिन एकदम माणसात आल्यासारखे वाटले. आता पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा आहेत. आणि वाराणसीच्या त्याच कारखान्याने २०१८ मध्ये दोन जुनी डिझेल इंजिने घेऊन त्यांचे दहा हजार अश्वशक्तीचे विजेचे जोडइंजिन करून दाखवले. ती बातमी मी मामाला वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सांगाडा तोच ठेवला ना? मग बरं आहे.”

पुढे नोकरीमुळे काही वर्षे मी पुणे-मुंबई पासधारक झालो आणि डेक्कन क्वीनच्या डब्यांत बसून रोज घाट उतरू-चढू लागलो. या गाडीविषयी मराठी माणसाला नवे काही सांगायला जाऊ नये. पण तिच्याबद्दल बोलताना आपण सारे जी एक चूक करतो ती मीही करत आलो. आपण म्हणतो, १ जून १९३० पासून ती धावते आहे. धावते आहे ते तिचे नाव. पहिले दोन संच सात-सात डब्यांचे, एक रुपेरी आणि एक निळा, सांगाडे इंग्लंडचे आणि वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यातली. ते १९६६ मध्ये गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यातले संपूर्ण पोलादी डबे आले. तेही बदलत गेले आणि जून २०२२ मध्ये जर्मन बनावटीच्या धाटणीचे एलएचबी डबे लागले. तिच्या पुढ्यात इंजिने किती तऱ्हेची लागली असतील! चित्तरंजनच्या कारखान्यातून १९६१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या विजेच्या इंजिनाला ‘लोकमान्य’ नाव दिले होते आणि त्या जातीची इंजिने याच घाटात वाढली, पंधराशे व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. तो प्रवाहच नंतर बदलला. पंचवीस हजार व्होल्टच्या तारा मुंबईपर्यंत आल्या आणि दोन्ही प्रवाहांवर चालतील अशी खास घडवलेली इंजिने एका रात्रीत सर्वसाधारण होऊन गेली. दोन भाषा शिकलेल्या दुभाष्याच्या गावात सगळे एकच भाषा बोलू लागावेत, तसे झाले असेल त्यांचे.

घाटातला एक वास मात्र मी कुठेही ओळखीन. सकाळी खंडाळा सोडून गाडी कर्जतकडे उतरू लागली की जुन्या डब्यांचे ब्रेकचे ठोकळे थेट चाकांच्या धावेवर घट्ट आवळले जायचे आणि खिडकीतून तापलेल्या लोखंडाचा, जळक्या धुळीचा वास आत यायचा. पावसाळ्यात त्यात ओल्या करवंदीच्या पाल्याचा वास मिसळायचा. डब्यातले अर्धे लोक झोपेत असत, तरी तो वास आला की पेपर वाचणारे न सांगता पेपरची घडी घालू लागत, कारण कर्जत जवळ आले. संध्याकाळी उलट व्हायचे. कर्जतला मागून बँकर इंजिने लागत आणि शेवटच्या डब्यात बसलेल्यांना पाठीत एक मऊ धक्का जाणवे, घरातल्या थोरल्या माणसाने ‘चल’ म्हणून दिल्यासारखा. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. मागून रेटणारे कुणी असल्याशिवाय भागत नाही.

नव्या डब्यांत तो वास येत नाही. त्यांच्या आसांवर तबकड्या असतात आणि ब्रेक त्या तबकड्यांना धरतो, चाकाला नाही. मी पहिल्यांदा एलएचबी डब्यातून घाट उतरलो तेव्हा कर्जत आले हे मला फलाट दिसल्यावर कळले. तो डबा माझ्या जुन्या डब्याहून सरस आहे हे मला पुरते मान्य आहे. त्याचे अंग स्टेनलेस स्टीलचे, तेव्हा संडासापाशी सडायचा प्रश्न फारसा उरत नाही. तो लांबही अधिक आहे आणि वेगालाही अधिक सोसतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अपघातात हे डबे आपल्या मधल्या जोडणीमुळे एकमेकांवर चढत नाहीत. जुने चढायचे. चढलेल्या डब्यांची छायाचित्रे पाहिलेल्या माणसाने विटकरी रंगाचे गोडवे फार मोठ्याने गाऊ नयेत. खुद्द मामाची कंबर गेली ती जुने डबे एकमेकांना जोडणाऱ्या स्क्रूच्या कपलिंगपायी. दोन बफरांच्या मधल्या फटीत वाकून शिरायचे, जड हूक उचलून अडकवायचा आणि स्क्रू पिळत बसायचे, ऐन पावसातही आणि रात्री दोन वाजताही. नव्या डब्यांची जोडणी हात मिळवल्यासारखी आपोआप बसते, कुणाला मध्ये शिरून तो हूक उचलावा लागत नाही. हे सगळे मी मनाशी नीट मांडतो आणि तरी थांब्यावरून सुटताना या डब्यांचा जो अचानक हिसका बसतो आणि चहा सांडतो, तेव्हा माझ्या तोंडून “पूर्वी असं नव्हतं” हे वाक्य निघतेच. निघाले की मी इकडेतिकडे बघतो. बहुतेक वेळा माझ्याच वयाचा कुणीतरी मान डोलावत असतो.

जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा पेरांबूरच्या कारखान्यातून जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. साठाहून अधिक वर्षे एकच आराखडा चालला, मूळचा स्वित्झर्लंडचा. त्या शेवटच्या डब्याची पंचवीस वर्षे २०४३ मध्ये भरतील. तोवर मी असलो तर पासष्टी कधीच ओलांडलेली असेल, हा हिशेब मी का केला कोण जाणे, पण केला खरा.

दौंडच्या त्या संध्याकाळी बारामतीची पॅसेंजर अर्ध्या तासाने पलीकडच्या फलाटावर लागली. जुनेच निळे डबे होते. म्हातारी माझ्या पुढे होती. तिने पायरीवर पाय ठेवण्याआधी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून एकदा हलवून पाहिला आणि मगच वर चढली. आत गेल्यावर समोरासमोरची जागा मिळाली. कटफळला उतरेपर्यंत ती कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होती. त्या दुसऱ्या गाडीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

रात्री मी मामाला फोन केला. कंबर गेल्यापासून तो पुण्यात मुलाकडे असतो आणि दौंडच्या गाड्यांच्या चौकशा करतो. आता कॉर्ड लाइनमुळे मनमाडच्या कितीतरी गाड्या गावाबाहेरूनच वळतात, इंजिन फिरवायला आत येत नाहीत, हे त्याला अजून पटत नाही. तेव्हा ती लाइन व्हायची होती. मी त्याला म्हातारीची हकिगत रंगवून सांगितली. तो हसेल असे वाटले होते.

“नंबर काय होता डब्याचा?” त्याने विचारले.

मी पाहिला नव्हता. वीस-पंचवीस मिनिटे तो डबा माझ्यापासून चार हातांवर उभा होता, रंगाचे थर मी मोजले होते, आणि नंबर पाहिला नव्हता.

“ते नंबर तसेही बदलतात,” तो थोड्या वेळाने म्हणाला, माझी समजूत घालावी तसा. “आणि बोगी तर कुणाच्या कुणाला लागलेल्या असतात. तरी बघायचास. मी हातोडा मारलेलं काही ना काही असतंच त्यात.”

अलीकडे फाटकाशी अडकलो आणि समोरून खिडक्या बुजवलेली गाडी जाऊ लागली की मी मोटारीची काच खाली करतो. नंबर वाचून होईपर्यंत डबा निघून गेलेला असतो. दोन आकडे मिळतात, कधी तीन.